नवी भाषा, मराठी पान आणि अडलेले तिसरे प्रकरण

पत्राचा सारांश: विदर्भातील एका शहरात बँकेत नोकरी करणाऱ्या चौतीस वर्षांच्या एक वाचक लिहितात, की गेली चार वर्षे त्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेवर काम करीत आहेत. दर पावसाळ्यात पुरामुळे वस्ती हलवावी लागणाऱ्या एका काल्पनिक नदीकाठच्या लोकांची ही कथा आहे आणि त्यांच्यासाठी लेखिकेने एक स्वतंत्र भाषा रचली आहे. तिचा सुमारे 2,300 शब्दांचा कोश, क्रियापदांचे तक्ते आणि लिपी तयार आहे. पहिल्या कादंबरीची मात्र दोनच प्रकरणे लिहून झाली आहेत. भाषा पूर्ण झाल्याखेरीज पुढे लिहिणे त्यांना अप्रामाणिक वाटते. एका प्रकाशकाने प्रकरणे वाचून परके शब्द काढून टाकण्यास सांगितले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मराठीच टिकेनाशी झाली असताना नवी भाषा बनवण्यात वेळ का घालवावा. लहानपण मेळघाटाच्या पायथ्याशी गेल्यामुळे काही शब्द कोरकूमधून घेतले आहेत, हेही त्यांनी प्रांजळपणे कळवले आहे. भाषा आधी पूर्ण करावी की सोडून द्यावी, हा त्यांचा प्रश्न आहे.

तुम्ही पाठवलेली दोन्ही प्रकरणे आणि शब्दकोशाची पाने मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. इतरांच्या हस्तलिखितांवर अनेक वर्षे काम केल्यामुळे ती सवय आता सुटत नाही. भाषा सोडून देऊ नका, हे मला आधीच सांगायचे आहे. ती आधी पूर्ण करण्याचा बेत मात्र तुम्ही मनातून काढून टाकावा, असे मला वाटते.

‘पूर्ण’ या शब्दामागे तुमची काय कल्पना आहे, हे तुम्ही स्वतःला विचारून पाहिले आहे का? पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झालेल्या जे. आर. आर. टोल्किन यांनी 1915च्या सुमारास, विद्यार्थिदशेतच, फिनिश भाषेच्या प्रेमातून क्वेन्या ही भाषा रचायला घेतली. वेल्श भाषेच्या नादावरून त्यांची दुसरी भाषा, सिंदारिन, घडली आणि या दोन्ही एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत, अशी त्यांनी मांडणी केली. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांची कादंबरी 1954-55मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाही या भाषा अपुऱ्याच होत्या, आणि 1973मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यांत फेरफार करीतच राहिले. भाषा पुरी होण्याची वाट त्यांनी पाहिली असती, तर ती कादंबरी कधीच छापली गेली नसती.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही तुमच्या उपयोगाचे आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या 1996पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबऱ्यांत डोथ्राकी नावाचे भटके घोडेस्वार येतात. त्यांची भाषा म्हणून पुस्तकांत मूठभर शब्द दिसतात आणि त्यांतली पुष्कळशी नुसती नावे आहेत. तिचे व्याकरण आणि कोश डेव्हिड पीटरसन यांनी 2009मध्ये, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी, त्या मूठभर शब्दांवरून उभे केले. तोवर लक्षावधी वाचकांना ती भाषा खरी वाटत आलीच होती. म्हणजे एका लेखकाने आयुष्यभर भाषा घडवली, दुसऱ्याने जवळजवळ घडवलीच नाही, आणि दोघांच्याही पानांवर वाचकाने विश्वास ठेवला. यावरून मला असे दिसते, की वाचकाचा विश्वास कोशाच्या जाडीवर ठरत नाही. पानावर आलेले शब्द एकमेकांचे नातेवाईक वाटतात की नाही, यावर तो ठरतो.

म्हणून तुमच्यापुढे खरे तर दोन वेगळी कामे आहेत. भाषा रचणे हे एक काम आहे. त्यात तुम्हाला जो आनंद मिळतो, तो कादंबरीवाचूनही खरा आहे आणि त्यासाठी कुणापुढे सबब सांगण्याची गरज नाही. कादंबरी लिहिणे हे दुसरे काम. पहिले दुसऱ्याची पूर्वतयारी आहे असे मानल्यामुळे तुमचे तिसरे प्रकरण अडले आहे. बँकेतून घरी आल्यावर दमलेल्या मनाला क्रियापदाचा तक्ता भरणे सोपे वाटते, कारण तक्त्यात चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते. प्रसंग फसला तर तो का फसला, हेच आठ दिवस कळत नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. हातून होणाऱ्या कामाकडे मन ओढ घेते, एवढेच.

आता तुमच्या शब्दांविषयी. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीत अशी मालिका लिहू पाहणाऱ्या इतरांनाही याच अडचणी येतील. 2015च्या ‘बाहुबली’ चित्रपटातल्या कालकेय टोळीसाठी तमिळ गीतकार मदन कार्की यांनी किलिकी भाषा रचली, तेव्हा ती नटांच्या तोंडून प्रेक्षकांच्या कानांवर जाणार होती. तुमच्या वाचकाच्या कानाशी कुणी नट उभा नाही. त्याच्यापुढे फक्त देवनागरी अक्षरे आहेत आणि ती तो मराठीच्या सवयीनेच वाचणार. तुमच्या नायिकेच्या आजोबांचे नाव ‘तरवन’ आहे आणि कोशात तुम्ही लिहिले आहे, की त्यातील चारही अक्षरे पूर्ण उच्चारायची. मराठी वाचक ‘करवत’ हा शब्द ‘कर्वत्’ असा उच्चारतो, तसाच तो ‘तर्वन्’ म्हणेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. हा गोंधळ टाळायचा, तर जेथे स्वर ऐकू यायला हवा तेथे आ, ए, ओ असा डोळ्यांना दिसणारा स्वर ठेवावा. प्रत्येक ठिकाणी हलन्त चिन्ह देऊन पान काटेरी करू नये.

त्याहून मोठी अडचण इकार-उकारांची आहे. तुमच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार असला की एकवचन आणि दीर्घ असला की अनेकवचन होते. कागदावर ही योजना नेटकी दिसते. परंतु मराठी शब्दाचा अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावा, हा नियम आपल्या मुद्रितशोधकांच्या हाडीमाशी इतका मुरलेला आहे, की पहिल्याच प्रुफात तुमची सगळी एकवचने अनेकवचने होतील. समजा, मुद्रितशोधकाला बजावून तुम्ही ती वाचवलीत, तरी आपल्या बोलण्यात शब्दाच्या शेवटी हा भेद कानाला फारसा जाणवत नाही, तेव्हा वाचक तो लक्षात ठेवणार नाही. जो भेद मराठी कान करीत नाही, त्यावर व्याकरण टांगू नये. याउलट जे भेद आपला कान सहज करतो आणि लिपीही दाखवते, ते वापरावेत. ‘चंद्र’मधला च आणि ‘चमचा’मधला च आपण वेगळे उच्चारतो, लिपी मात्र दोन्हींना एकच अक्षर देते. म्हणून तोही भेद तुमच्या भाषेत अर्थ बदलण्यासाठी वापरू नका, कारण पानावर तो दाखवता येणार नाही.

रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते. आपल्याकडे ती सोय नाही. तुमच्या भाषेत आजीला ‘वाटे’ म्हणतात. ‘वाटे आली नाही’ हे तुमचे वाक्य वाचताना मी अडखळले आणि मागे जाऊन पुन्हा वाचले. कोशातील जे शब्द मराठी शब्दांसारखेच दिसतात, ते सगळे एकदा शोधून काढा आणि निर्दयपणे बदला. हे एका रविवारचे काम आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुमच्या कोशात मला कुठेच दिसली नाही. तुमचा प्रत्येक शब्द पानावर मराठी वाक्यात येणार, आणि मराठी वाक्य त्याला दाराशीच लिंग विचारणार. तो, ती की ते? त्याला ‘-ला’ किंवा ‘-त’ लावताना सामान्यरूप कसे होणार? परक्या शब्दांना आपण हे प्रश्न पूर्वीपासून विचारत आलो आहोत: ‘बस’ आली ती गाडीच्या ओळखीने स्त्रीलिंगी झाली, ‘टेबल’ नपुंसकलिंगी झाले. तुमच्या पहिल्या प्रकरणात ‘सोरा’ ही पुराच्या वेळी वापरायची तराफ्यासारखी होडी आहे. ती एका पानावर ‘सोऱ्यात बसली’ अशी येते आणि चार पानांनी ‘सोरामध्ये बसली’ अशी. पहिले रूप घेतले, तर शब्द ‘घोडा’, ‘वाडा’ यांच्या पंक्तीला बसतो आणि घरचा होतो. दुसरे घेतले, तर तो पाहुणाच राहतो. दोन्ही गोष्टी हेतुपुरस्सर करता येतील. वस्तीतल्या माणसाच्या नजरेतून कथन असेल तेव्हा ‘सोऱ्यात’ आणि बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याच्या नजरेतून असेल तेव्हा ‘सोरामध्ये’ असे लिहिले, तर कोण आपले आणि कोण परके, हे एका प्रत्ययातून कळेल. तेव्हा कोशात प्रत्येक शब्दापुढे आणखी दोन रकाने आखा: मराठीतील लिंग आणि मराठीतील सामान्यरूप.

आता एक प्रश्न, जो विचारताना मला थोडा संकोच वाटतो. लहानपणी तुम्ही ‘च’ची भाषा बोलला असाल: ‘चलाम चणीपा चदे’, म्हणजे ‘मला पाणी दे’. ती भाषा मोठ्यांपासून गुपित राखायला उत्तम होती. पण तिच्यात सांगता येई ते सगळे मराठीच होते, फक्त अक्षरांनी जागा बदललेल्या असत. तुमच्या तक्त्यांत मला तोच धोका दिसतो. त्यांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे, तीन लिंगे आहेत आणि प्रत्येक शब्दासमोर नेमका एकच मराठी शब्द आहे. नदीबरोबर दरवर्षी घर बदलणारी माणसे जगाचे तुकडे आपल्यासारखेच पाडतील का? कोकणातला माणूस देशावरच्या माणसाला ‘घाटावरचा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन त्याच्या भाषेत आलेली असते. तुमच्या लोकांना कदाचित डावे-उजवे लागणारच नाही. प्रवाहाकडचा हात आणि काठाकडचा हात पुरेल, आणि वळून उभे राहिले की हातांची नावे बदलतील. पुराआधीची नदी आणि पुरानंतरची नदी यांना ते एकच नाव देतील असेही मला वाटत नाही. असे पाच-सहा भेद कादंबरीभर निष्ठेने पाळलेत, तर दोन हजार प्रतिशब्दांनी जे साधणार नाही ते साधेल, आणि त्यासाठी पानावर परका शब्द फारसा आणावाही लागणार नाही. मराठी वाक्यच किंचित निराळे चालू लागेल.

मालिका तीन पिढ्यांची आहे, म्हणून भाषेला थोडे वय द्या. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. जोडाक्षर सैल होते आणि आधीचा स्वर लांबतो, एवढ्या एका नियमाने शेकडो शब्द चालत आपल्यापर्यंत आले. तुम्ही असे दोन किंवा तीनच नियम ठरवा, अधिक नकोत, आणि पहिल्या कादंबरीतील गाणी व स्थळनामे जुन्या रूपात ठेवा. चौथ्या कादंबरीतील नात आजीच्या गाण्यातला शब्द ऐकेल, तेव्हा तो तिला अर्धाच ओळखू येईल आणि वाचकाला पूर्ण. स्थळनामांचा उपयोग तर आणखी सोपा आहे. पारनेर, अमळनेर, पिंपळनेर ही नावे ऐकून ‘नेर’ म्हणजे वस्ती असणार, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तुमच्या नकाशावरील पाच गावांच्या नावांत एकच शेवट ठेवलात, तर टीप न देता एक शब्द वाचकाचा होऊन जाईल. लिपीवर मात्र आता अधिक वेळ देऊ नका. मुखपृष्ठाला आणि नकाशाला ती शोभून दिसेल, तेवढे पुरे.

पलीकडच्या तीरावरील शत्रूंची बोली तुम्ही ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ या वर्णांनी भरली आहे आणि कोशात ‘रानटी वाटावी म्हणून’ असे टिपले आहे. या टिपणाचा तुम्ही फेरविचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. ‘बाळ’, ‘जिव्हाळा’, ‘कळवळा’, ‘माहेरपण’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. ज्या वर्णांत आपली सगळी माया साठली आहे, ते वर्ण क्रौर्याची खूण म्हणून वापरायचे, हे मराठी लेखिकेने करू नये. भाषा रानटी नसते. ती परकी ऐकू येते, आणि ते परकेपण ऐकणाऱ्याच्या कानात असते. तुमच्या मालिकेचा विषय हाच नाही का?

याच विचारातून मी कोरकूकडे येते. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई कुळातील भाषा आहे. मेळघाटात आणि लगतच्या मध्य प्रदेशात ती आज बोलली जाते, मुले तिच्यात रडतात आणि म्हातारी माणसे तिच्यात गोष्टी सांगतात. तिचे शब्द उचलून एका काल्पनिक जमातीच्या तोंडी घातले, तर कोरकू वाचकाला स्वतःच्या घरातली भांडी कुणाच्या तरी नाटकात सजावट म्हणून मांडलेली दिसतील. तुमचे प्रेम खरे आहे, याविषयी मला शंका नाही, आणि एखाद्या भाषेच्या नादाने भारून जाऊन दुसरी घडवण्यात काहीच गैर नाही. फिनिशच्या बाबतीत तेच घडले. नाद घ्या, शब्दांची ठेवण घ्या, अखंड शब्द मात्र परत करा. एखादा शब्द सोडवतच नसेल, तर तो कोरकू आहे असे पुस्तकाच्या प्रारंभी स्पष्ट लिहा आणि छापण्यापूर्वी ती भाषा बोलणाऱ्या कुणाला तरी तो उतारा वाचून दाखवा. त्यांनी नापसंती दाखवली, तर वाद न घालता शब्द काढा.

वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात काळजी आहे, म्हणून तो झटकून टाकू नका. परंतु त्यांना हेही सांगा, की भाषेशी असा खेळ मराठीला नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या घडवल्या आणि त्यांत मराठी गद्याचा अमोल ठेवा शतकानुशतके राहिला. व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून नंदभाषा चालवली. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी होती. आणि तुमच्या कल्पित भाषेतील एक शब्द समजून घेण्यासाठी वाचकाला भोवतालची शंभर मराठी वाक्ये लक्ष देऊन वाचावी लागणार आहेत. लिंग, सामान्यरूप, ऱ्हस्व-दीर्घ यांकडे तुम्हाला ज्या बारकाईने पाहावे लागेल, तितक्या बारकाईने मराठीकडे फार थोडे लोक पाहतात.

प्रकाशकांचे म्हणणे मला निम्मे पटते. पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांत तुम्ही एकोणीस नवे शब्द आणले आहेत आणि त्यांपैकी अकरांचे अर्थ लगेच कंसात दिले आहेत. कंस आला की गोष्ट थांबते. एका प्रसंगात एकच नवा शब्द आणावा, तो हाताला लागणाऱ्या वस्तूचा असावा, आणि त्याचा अर्थ माणसे त्या वस्तूचे काय करतात यावरून कळू द्यावा. तीनदा वेगवेगळ्या प्रसंगी आल्याशिवाय तो वाचकाला येतो असे धरू नये. ज्या वस्तूला मराठीत चांगला शब्द आहे, तेथे तोच वापरावा; पाण्याला पाणीच म्हणावे. सगळी कथा मुळात त्यांच्या भाषेत घडली आणि तुम्ही ती मराठीत आणली, असे मनाशी धरले, की कोणता शब्द मराठीत आणायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हा निर्णय तुमच्या हाती येतो. टोल्किन यांनीही आपली कादंबरी एका जुन्या भाषेतून भाषांतरित केली आहे, अशीच बतावणी केली होती. ही सुधारणा करून तीच प्रकरणे त्याच प्रकाशकांना पुन्हा पाठवा, मात्र तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांसह, आणि त्याआधी एकदा घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा जेथे अडखळेल तेथे खूण करा, त्याला दुरुस्त करू नका.

दिवसाची वाटणी कशी करावी, हेही तुम्ही विचारले आहे. आठवड्याचे पाच दिवस केवळ कादंबरी लिहा. लिहिता लिहिता शब्द लागला आणि कोशात नसला, तर रिकामी जागा सोडून पुढे जा; शनिवारी कोश उघडून फक्त त्या जागा भरा. रविवार भाषेचा, हवे तसे खेळण्याचा. अशा रीतीने भाषा प्रसंगांच्या मागणीने वाढेल आणि चौथ्या कादंबरीपर्यंत तिला तुमच्या आजच्या तक्त्यांत नसलेली वळणे मिळतील.

एक शेवटची गोष्ट, जी मी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केली आहे. कोशाच्या एकतिसाव्या पानावर ‘ताहुरी’ हा शब्द आहे: पुरात वाहून गेलेल्या घराची, पाणी ओसरल्यावर ओळखू येणारी जागा. मराठीत याला एक शब्द नाही. त्याचे लिंग आपोआप ठरते, ताहुरीत, ताहुऱ्या अशी रूपे सहज होतात आणि उच्चारात कुठेही शंका राहत नाही. दोन्ही प्रकरणांत तो एकदाही आलेला नाही. तुमची नायिका पहिल्याच पानावर चिखलात उभी राहून काहीतरी शोधते आहे. ती काय शोधते आहे, हे तेथे या शब्दाने सांगा.